पणजोबांच्या तैलचित्राचे पोपडे सुटताहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमच्या वाड्यात पणजोबांचं कॅनव्हासवरचं तैलचित्र आहे. व्हार्निश इतकं पिवळं पडलंय की फेट्याचा रंग ओळखू येत नाही. खांद्यापाशी पोपडे उचललेत. नखाएवढा एक तुकडा पडला, तो पाकिटात जपून ठेवलाय. फ्रेमवाला म्हणतो, ओल्या फडक्याने पुसून वरून रंग मारून देतो. मला हे अजिबात पटत नाही. आधी सुटलेला रंग जागेवर चिकटवायला हवा, आणि नवा रंग फक्त गळालेल्या जागी, तोही पुढे काढता येईल असाच. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्रात कुणी घरचं चित्र दिलंय का? खर्च किती आला? पुण्या-सोलापुरात खात्रीचं कुणी आहे का? नेताना चित्र आडवं, रंगाची बाजू वर ठेवूनच न्यावं ना?