अनुभव धागा: शेतासाठी जुना पिकअप घेताना काय पाहिलं, काय नाकारलं?

नागपूर जिल्ह्यात पाच-दहा एकरवाल्या घरांत हा विषय दिवाळीच्या आगेमागे हमखास निघतो. आंबिया संत्रा तोडणीला आलेला, कापसाची वेचणी सुरू, आणि भाड्याची गाडी नेमकी त्याच आठवड्यात मिळत नाही. मग कुणीतरी म्हणतं, आपलाच एक जुना पिकअप घेऊन टाकू. आमच्याकडे सध्या तेच चाललंय. कळमेश्वरजवळ सात एकर, निम्म्यात संत्रा, बाकी भाजीपाला, माल बहुतेक नागपूरच्या कळमना बाजारात. नवी गाडी झेपणार नाही, शिवाय अर्धं वर्ष ती उभीच राहणार. कोणती कंपनी चांगली हा वाद टपरीवर भरपूर झालाय, तो इथं नको. प्रत्यक्ष गाडी समोर उभी असताना तुम्ही काय तपासलं ते लिहा. ज्यांनी पाहून-पाहून शेवटी घेतलीच नाही, त्यांनीही.

काटोलचा संत्रावाला

आमच्यासमोर दोन बोलेरो पिकअप होत्या. एक चार वर्षांची, चकाचक, पॉलिश मारलेली. दुसरी नऊ वर्षांची, दाराचा रंग उडालेला, किलोमीटर जवळपास दुप्पट. मोठे भाऊ पहिलीवर अडून बसले. मी दोन्ही मालकांना एकच विचारलं, आजवर गाडीत काय भरत होता? पहिला म्हणाला, "सगळंच." दुसरा म्हणाला, बेकरीचा माल, रोज सकाळी एक लाइन.

पहिल्या गाडीच्या हौद्यात, फाळका जिथं बिजागरीला बसतो त्या फटीत, काडी फिरवली तर बारीक ओलसर रेती निघाली. मागचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) नवेकोरे काळे रंगवलेले, आणि मोजले तर एका बाजूला दुसरीपेक्षा एक पाटा जास्त. तरी भाऊ ऐकेनात, म्हणून दोन्ही गाड्या धरमकाट्यावर रिकाम्या तोलल्या. रिकाम्या गाडीचं वजन आरसीवर लिहिलेलं असतं. बेकरीवाली त्याच्या आसपास भरली. चकाचकवाली पावणेदोनशे किलो जास्त! जादा पाटे, हौद्याखाली मारलेले अँगल, फाळक्याला पट्ट्या, सगळं लोखंड. म्हणजे गाडीनं आयुष्यभर क्षमतेबाहेर ओझं वाहिलंय, आणि वर तेवढं वजन कायद्यानं आपल्या मालातून कमी होणार. काट्याची पावती पाहून भाऊ गप्प झाले. बेकरीवाली घेतली.

तुमच्यासाठी हिशेब सांगतो. संत्र्याच्या क्रेटमागे वीस-बावीस किलो धरा, साठ क्रेट म्हणजे सव्वा टन. एवढा माल एका खेपेत जात असेल तर पिकअपच बघा, छोट्या गाडीवर साठ क्रेट चढवायचा मोह होतो. आणि मासळी वाहिलेली गाडी फुकट दिली तरी नको. मीठ-पाणी चेसिस आतून खातं, वरून काही दिसत नाही.

भिवापूरची सून

आमचं गणित उलटं आहे. कापूस आणि वाळलेली मिरची, दोन्हीला जागा लागते, वजन फारसं नसतं. त्यामुळे यांनी पिकअपचा हट्ट धरला तेव्हा मी म्हटलं, सव्वा टनाची ताकद घेऊन करायचं काय? टाटा एस घेतला. हा छोटा हत्ती २००५पासून रस्त्यावर आहे, उमरेडपर्यंत कुठल्याही मिस्त्रीला तो उघडता येतो, पार्ट कुठंही मिळतात. क्षमता पाऊण टनाच्या आसपास. हौद्याला उंच जाळी लावली की आमचं भागतं.

त्याची खोड पावसाळ्यात कळते. चाकं लहान, जमीन काळी. पांदण रस्त्यावर चिखल चाकाच्या आणि मडगार्डच्या मध्ये असा बसतो की चाक फिरायचंच थांबतं, मग पहारीनं खरवडत बसा. पोळ्यापर्यंत आमची गाडी डांबरी रस्त्यालगत मामांच्या अंगणात असते आणि खत-बियाणं तिथून बैलगाडीनं वावरात जातं. ज्यांचं वावर रस्त्याला लागून आहे त्यांना हा त्रास नाही. पांदणवाल्यांनी मोठ्या चाकाचीच गाडी पाहावी.

गाडी मीच चालवते. ट्रान्सपोर्टचं लायसन्स लागेल म्हणून सगळ्यांनी घाबरवलं होतं. साडेसात टनांच्या आत एकूण वजन असलेली मालगाडी साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसन्सवर चालवता येते, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४मध्ये ते पक्कं केलं. त्या दिवशी घरात पेढे मीच वाटले.

वाडीचा मिस्त्री

भाऊ, मी ह्याच गाड्या खोलून राहिलो इतकी वर्षं. गाडी पाहाले जाल तं मालकाले आदल्या रात्रीच सांगा, का मी येईन तोवर सुरू करू नोका. गरम इंजिन सगळं लपवते. बोनेटवर हात ठेवा, कोमट लागलं तं चहा प्या अन् दुसऱ्या दिवशी या.

थंड इंजिनाले सेल्फ मारला की पहिल्या अर्ध्या मिनिटाचा धूर पाहा. काळा चालते, पंप-नोझलचं काम निघन. निळा म्हणजे ऑइल जळून राहिलं. पांढरा जात नसन आन् पाणी कमी होत असन तं हेड गॅस्केटचा संशय धरा. मंग इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून नुसतं उलटं ठेवा वर. थरथरलं तं ठीक. उडून पडलं आन् तोंडावर वाफारा आला, तं रिंगा-पिस्टन गेले समजा, त्याचा खर्च भावातून कापा नाही तं निघा.

गाडीखाली घुसाच, कपडे धुता येते. केबिनच्या मागे चेसिसले हात फिरवा, तसाच जिथं पाट्याचा हँगर बसते तिथं. नवीन वेल्डिंग, पट्टी, नाही तं तेवढ्याच जागी ताजा रंग दिसला का सौदा बंद. मेकॅनिकले दाखवू, हे मालकाच्या तोंडून ऐकू नोका, आपला माणूस न्या.

ट्रायल रिकामी घेऊ नोका! दहा-बारा पोते खताचे टाका, नाही तं चार माणसं जास्त... नाही, माणसं नोका, पोतेच टाका. दुपारच्या उन्हात तीस-चाळीस मिनिटं चालवा. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५च्या वर जाते, रेडिएटर अर्धा चोक असन तं हिवाळ्यात कळत नाही, उन्हाळ्यात रस्त्यावर उभं करते. साठच्या वेगात पाय सोडला आन् मागून कुंई असा आवाज आला तं क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलचे गिअर गेले.

सावनेरहून, कागदवाला

इंजिनाचं मिस्त्रीदादांनी सांगितलं, मी कागदाचं सांगतो, कारण आमच्या भागात खरा घोळ तिथं असतो. छिंदवाडा, पांढुर्णा, सौंसर हाकेवर, त्यामुळे एमपी पासिंगच्या गाड्या स्वस्तात येतात. स्वस्त दिसतात, असं म्हणू. तिथल्या आरटीओची एनओसी, इथं नव्यानं टॅक्स, नवा नंबर, एवढं जोडलं की फरक उरत नाही. माझ्या पुतण्याला एका दलालानं "एनओसी पाठवून देतो" सांगून पूर्ण पैसे घेतले. गाडी दारात, कागद दलालाकडे, आणि दलालाचा फोन बंद. एनओसी हातात आल्याशिवाय इसारापलीकडे पैसा देऊ नका.

आपल्याच एमएच ४० किंवा ३१ची गाडी असली तरी एचपी, म्हणजे आरसीवरचा कर्जाचा बोजा बघा. कर्ज फिटलंय असं मालक छातीठोक सांगतो, पण आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव तसंच असतं. तिचा दाखला आणि सही केलेला फॉर्म ३५ पाहिजेच. मग मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या. मालक हयात आहे का, हेही विचारा. हसू नका, गावाकडे वडिलांच्या नावावरची गाडी मुलगा विकायला काढतो.

फिटनेस, म्हणजे आरटीओची गाडीतपासणी, हा चालू खर्च आहे. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. १५ वर्षांवरच्या गाड्यांची ही फी एप्रिल २०२२पासून बरीच वाढली, त्यामुळे तेरा-चौदा वर्षांची गाडी "स्वस्तात मस्त" वाटली तरी पुढचे आकडे मांडा. शेतीसाठी आहे म्हणून खासगी गाडीची पांढरी पाटी मिळेल का, असं बरेच विचारतात. नाही. मालाची गाडी ती मालाचीच. मात्र एकूण वजन तीन टनांच्या आत असेल तर परमिट लागत नाही, आरसीवर तो आकडा पाहूनच मॉडेल ठरवा. थकलेली चलानं ऑनलाइन दिसतात, सौद्याच्या आधी त्याच्याकडूनच भरून घ्या.

मौद्याचा धानवाला

आम्ही घेतली नाही. धान एकदाच निघतं, ट्रॅक्टर-ट्रॉली घरचीच, गिरणी जवळ. वर्षाचा विमा, फिटनेस, टॅक्स, बॅटरी आणि उभ्या-उभ्या चिरणारे टायर, याची बेरीज भाड्यापेक्षा जास्त निघाली. भाजीवाल्यांचं वेगळं, त्यांना रोज पहाटे गाडी लागते. बाकी हौसेला मोल नाही.

हिंगण्याचा दूधवाला

बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाची, एप्रिल २०२० नंतरची) डिझेल गाडी पाहत असाल तर एक गोष्ट. धुराच्या नळीत डीपीएफ नावाची जाळी असते, काजळी अडवते. गाडी हायवेवर सलग पळाली की तापून ती काजळी आपोआप जळते. वावर ते घर, घर ते कृषी केंद्र अशा दोन-तीन किलोमीटरच्या चकरांत ती तापतच नाही, चोक होते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. साफसफाई महाग, बदलायची म्हटलं तर डोळे पांढरे. मी मुद्दाम २०१८ची बीएस-४ घेतली. तुमच्या कळमन्याच्या खेपा नियमित असतील तर बीएस-६ला भिऊ नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. आजच एक पाहून आलो, आधी टेंट हाऊसचं सामान वाहायची. हलकंच ओझं, नाही का? आणि तोडणीच्या दिवसांत कळमेश्वरहून मजूर मागे बसवून आणता येतील, असा एक विचार आहे.

भिवापूरची सून

दादा, मजुरांचं सोडा. मालगाडीच्या हौद्यात बसलेल्या माणसांना तिचा विमा सहसा लागू होत नाही. आमच्या शेजारच्या गावात मिरची तोडायला निघालेली गाडी उलटली, विमा कंपनीनं हात वर केले आणि मालकाला दवाखान्याचा सगळा खर्च अंगावर घ्यावा लागला. दोन एकर विकले. बायांसाठी ऑटो लावा.

काटोलचा संत्रावाला

टेंटवाल्याचं सामान हलकं नसतं हो. लोखंडी पाइप, खुर्च्या, भांडी, जनरेटर. वर लग्नसराईत रात्रभर झोपाळलेला ड्रायव्हर. धरमकाट्यावर घाला आणि आकडा इथं टाका.