चित्रकलेच्या तासाला फळ्यावर नमुना हवाच कशाला?

कागदकात्री:
कुठल्याही प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यातून चालत जा. भिंतीवर ३० घुबडं. सगळ्यांचे डोळे एकाच मापाचे, पंख एकाच जागी चिकटवलेले. एखाद्याचं डोकं जरा कलंडलेलं असलं तर तेवढीच काय ती त्या मुलाची सही. भाग बाईंनी आदल्या रात्री घरी कापून आणलेले, मुलांनी फक्त गम लावला. आणि याचं नाव 'सर्जनशील उपक्रम'!

माझं म्हणणं असं की तंत्र शिकवावं, एखादी अट घालावी, पण शेवटी काय दिसायला हवं ते दाखवू नये. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणखडूने चांगलं दाबून काढायचं आणि वरून पातळ निळा जलरंग फिरवायचा, हे घ्या. मेण पाणी धरत नाही, त्यामुळे तोवर न दिसणाऱ्या रेघा एकदम उमटतात. हे कोपऱ्यात दोन फरकाटे मारून दाखवता येतं, त्यासाठी अख्खं चित्र लागत नाही. मग विषय द्या: 'रात्री जागं असणारं कुणीतरी'. त्यात घुबड येईल, रात्रपाळीचा पहारेकरी येईल, तापाने न झोपलेलं धाकटं भावंडही येईल.

यात नवीन काही नाही. फ्रान्झ सिझेक या कलाशिक्षकाने १८९७ मध्ये व्हिएन्नात मुलांचा कलावर्ग सुरू केला तो नकला काढून घेण्याच्या पद्धतीविरुद्धच. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये रंग भरायच्या छापील पुस्तकांवर सडकून टीका केली, कारण त्यांच्यामुळे मुलाला स्वतःची रेघ कमअस्सल वाटायला लागते. आपण अजून घुबडाचे डोळे कापतोय.

एकनळवर्ग:
असहमत. तुमचा वर्ग कुठला ते माहीत नाही, माझा सांगते. ४० मुलं, ३५ मिनिटं, एक नळ. पाणी भरणं, सांडणं, पुसणं यात निम्मा तास जातो. उरलेल्या वेळात 'तुमच्या मनातलं काढा' म्हटलं की काही जण कागदाकडे बघत बसतात, एखादं रडतं, आणि बाकीचे शेजारच्याच्या वहीत डोकावतात. म्हणजे नमुना असतोच हो, फक्त तो बाईंचा नसून वर्गातल्या 'चित्र छान येणाऱ्या' मुलाचा असतो. त्यापेक्षा माझा बरा. तो निदान सगळ्यांना जमेल असा बेतलेला असतो.

दुसरं, घुबडाला हसू नका. कात्री धरलेला हात फिरवायचा नाही, कागद फिरवायचा, हे सहा वर्षांच्या मुलाला कितीही सांगा, कळत नाही. गोल डोळा कापायला लागला की आपोआप कळतं.

कागदकात्री:
'मनातलं काढा' असं मी म्हटलंच नाही, उलट तेच सगळ्यात वाईट. अट हवीच, आणि जितकी नेमकी तितकं मूल मोकळं होतं. 'फक्त फाडलेले कागद, कात्री नाही', 'पेन्सिल कागदावरून उचलायची नाही', अशी.

कात्रीचा मुद्दा मात्र पटला. पण मग डोळे आदल्या रात्री बाई का कापतात?

एकनळवर्ग:
कारण दुसऱ्या दिवशी प्रदर्शन असतं आणि मुख्याध्यापकांना भिंत भरलेली हवी असते. बोला पुढे.

रेघोट्या:
दोघांचंही थोडं थोडं खोडतो.

कागदकात्री, नक्कल म्हणजे पाप असं तुम्ही गृहीत धरलंय. ब्रेंट आणि मार्जोरी विल्सन या कलाशिक्षणाच्या अभ्यासकांनी १९७७ मध्ये नेमका याच समजुतीला धक्का दिला. मुलांच्या चित्रांचे उगम शोधले तर कॉमिक, दूरचित्रवाणी, मोठ्या भावाची वही असेच निघतात. धावणारा माणूस कसा काढायचा हे मूल दुसऱ्या कुणाच्या तरी रेघेतून उचलतं. सिझेकच्या वर्गातली चित्रं एकत्र पाहिलीत तर त्यांचंही आपापसात बऱ्यापैकी साम्य दिसतं. फळ्यावर नमुना नव्हता, सरांची आवड मात्र होती.

आणि वयाचं काय? पहिली आणि चौथी या धाग्यात एकाच पिशवीत टाकल्यात. लोवेनफेल्डच्याच मांडणीत साधारण ७ ते ९ वर्षांचं मूल ठरलेल्या आकारात काढतं: खाली जमिनीची रेघ, वर आभाळाची पट्टी, मधे सगळी मंडळी उभी. त्याला नमुन्याची गरजही नसते आणि पर्वाही नसते. नवव्या वर्षाच्या आसपास त्याला दिसायला लागतं, की आपला घोडा घोड्यासारखा नाही. तिथे 'तुला वाटेल तसा काढ' ही दया नव्हे, टाळाटाळ आहे. बरीच मुलं त्याच वयात 'मला चित्र येत नाही' म्हणून कायमची बाजूला होतात. त्यांना बघायला शिकवा. पायातला बूट काढून समोर ठेवायचा, पेन्सिल एका कागदाच्या तुकड्यात खुपसायची म्हणजे हात झाकला जातो, आणि नजर बुटाच्या कडेवरून सरकेल तितकीच रेघ सरकवायची. खाली बघायचं नाही. सगळ्यांचंच वेडंवाकडं येतं, त्यामुळे कुणाची लाज जात नाही, पण लेस कुठल्या भोकातून आत जाते हे पहिल्यांदाच नीट पाहिलं जातं.

साधीशंका:
मग गुण कशावर द्यायचे? आमच्याकडे छान चित्राला प्रमाणपत्र देतात, मुलं खूश असतात.

रेघोट्या:
१९७३ चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग बघा. चित्र काढायला मुळातच आवडणारी बालवाडीतली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, की काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढताना दिसली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक दिलं त्यांची आवड मात्र घटली नाही. तेव्हा प्रमाणपत्राला माझी हरकत नाही, त्याचं आमिष दाखवू नका.

कागदकात्री:
बुटाचा उपक्रम मलाही चालेल, कारण तिथे समोर बूट आहे, बाईंनी काढलेलं बुटाचं चित्र नाही. मी वस्तूच्या विरोधात नाही, उत्तराच्या विरोधात आहे.

एकनळवर्ग:
तुमचा पांढरा मेणखडू करून बघेन, त्याला पाणी कमी लागतं. पण मातीकामाला हे धोरण चालणार नाही, आधीच सांगते. कपाला कान लावताना दोन्ही बाजूंना काट्याने चरे पाडायचे, मधे पातळ कालवलेली माती लावायची आणि मगच दाबून बसवायचं. नुसतं थुंकी लावून चिकटवलं की वाळताना कान हातात येतो. हे पूर्ण झालेला कप, अर्धवट कप आणि कान तुटलेला कप असे तिन्ही टेबलावर मांडूनच समजतं. म्हणजे नमुनेच झाले ना?

कागदकात्री:
तुटलेला ठेवाच. पूर्ण झालेला कपाटात ठेवा.

एकनळवर्ग:
आणि ४० जणांनी 'बाई, कप म्हणजे केवढा?' विचारलं की तुम्ही या उत्तर द्यायला.