दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसूनही काम उरकत नाही, साधे उपाय सुचवा

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण खरंच मदत हवी आहे. माझं काम सगळं कॉम्प्युटरवरचं. ११ शाखांकडून दर महिन्याला एक्सेलमध्ये आकडेवारी येते, ती तपासायची, एकत्र करायची, त्यावर वर्डमध्ये अहवाल लिहायचा आणि मधे मधे त्याच शाखांच्या मेलना उत्तरं द्यायची. काम अवघड अजिबात नाहीये, मला ते येतं, आवडतंही. तरी सकाळी ९ ला बसते ती संध्याकाळी ६ ला उठते तेव्हा अहवालाचं एखादं पान कसंबसं झालेलं असतं, मान आखडलेली असते, आणि घरी येऊन जेवणं आटपली की परत लॅपटॉप उघडायचा. परवा मुलीने विचारलं, आई तू दिवसभर तिथे काय काय करतेस, तर मला धड सांगताच येईना. ते फार लागलं मनाला.

म्हणून मागच्या आठवड्यात सोमवार-मंगळवार एक केलं, टेबलावर वही ठेवली आणि हातातलं काम सोडून दुसरीकडे वळले की वेळ आणि कारण लिहीत गेले. दोन दिवसांत साडेतीन पानं भरली. एकट्या सोमवारी ४१ वेळा मी फक्त कोपऱ्यात मेलचा चौकोन दिसला म्हणून उठून मेलमध्ये गेलेय. फाइली शोधण्यात दोन्ही दिवस मिळून तास-सव्वा तास गेला, कारण "अहवाल फायनल" आणि "अहवाल फायनल नवीन" अशा फाइली तीन फोल्डरांत आहेत आणि प्रत्येक वेळी उघडून बघावं लागतं. "तक्ता ३ मधली बेरीज जुळत नाही, कृपया तपासून पुन्हा पाठवावी" हे वाक्य दोन दिवसांत ९ वेळा टाइप केलं. आणि सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं कारण म्हणजे एक्सेलमधून आकडा कॉपी करून वर्डमध्ये नेणं, परत येणं, पुढचा आकडा, परत जाणं.

मशीन ऑफिसचं आहे, विंडोज ११, ८ जीबी रॅम, स्क्रीन एकच. बाहेरचं काही इन्स्टॉल करायला परवानगी नाही, तेव्हा अॅप सुचवू नका प्लीज. २५ मिनिटांचा टायमर लावून बघितला, पण आकडे जुळायला लागले की नेमकी घंटा वाजते आणि मग परत सुरुवातीपासून. जे आहे त्यातच काय करता येईल? तुम्ही स्वतः जे रोज वापरता तेच सांगा.

प्रतिसाद

वही ठेवलीत हे फार चांगलं केलंत, बहुतेक जण न मोजताच उपाय शोधतात. मी १४ वर्षं हिशेबाचं काम करतोय, माझ्या अनुभवातलं सांगतो.

पहिलं, कॉपीचं. विंडोजचं बटण आणि व्ही एकत्र दाबा, एकदा ऑन करायला सांगेल ते करा. आता एक्सेलमध्येच बसून आठ-दहा आकडे एकामागून एक कॉपी करा, मग वर्डमध्ये जाऊन विंडोज-व्ही दाबलं की सगळी यादी समोर येते, हवा तो घ्या. शेवटच्या २५ गोष्टी राहतात, मशीन रीस्टार्ट केलं की जातात, पण पिन केलेल्या टिकतात. एक मात्र लक्षात ठेवा, पासवर्ड कॉपी केलात तर तोही त्या यादीत स्वच्छ दिसतो, तेव्हा मशीन अजून कुणी वापरत असेल तर यादी साफ करत जा.

स्क्रीन एक असली तरी विंडोज आणि डावा अॅरो दाबला की एक्सेल अर्ध्या भागात बसतं, दुसऱ्या अर्ध्यात वर्ड घ्या. निम्म्या फेऱ्या इथेच वाचतील.

एक्सेलमध्ये माउसने खालपर्यंत ओढत जात असाल तर ते बंद करा, कंट्रोल आणि खालचा अॅरो दाबला की सलग भरलेल्या डेटाच्या टोकाला पोचता, सोबत शिफ्ट धरलं तर तेवढं सिलेक्ट होतं. फिल्टरसाठी कंट्रोल-शिफ्ट-एल. आणि कंट्रोल-ई, हे फार कमी लोकांना माहीत असतं, समजा एका कॉलममध्ये कोड आणि नाव चिकटून आलंय, शेजारच्या कॉलममध्ये पहिल्या एक-दोन ओळींत तुम्हाला हवं तसं टाइप करा, मग कंट्रोल-ई, खालचं सगळं ते स्वतः भरतं. अर्थात भरलेलं एकदा नजरेखालून घालायचं, कधी कधी त्याचा अंदाज चुकतो.

पण हे सगळं एकदम शिकायला जाऊ नका, चार दिवसांत विसराल. आठवड्याला दोन शॉर्टकट, चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा, हात आपोआप जायला लागला की चिठ्ठी बदला.

प्रतिसाद

४१ वेळा!! आधी ते चौकोन बंद करा, बाकी सगळं नंतर. सेटिंग्ज, सिस्टीम, नोटिफिकेशन्स, तिथे मेलचं बंद करा आणि चॅटचंही.

याच्यावर अभ्यास झालेले आहेत. सोफी लिरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे गेलं की मनाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो. आणि ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगात असं दिसलं की मधे मधे व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवलं, पण ताण, चिडचिड आणि घाईची भावना जास्त होती. म्हणजे तुम्ही आळशी वगैरे नाही आहात, दिवसभर पळताय म्हणूनच संध्याकाळी एवढ्या थकताय. मी मेल दिवसात तीन ठरलेल्या वेळीच उघडते, सुरुवातीला जीव वरखाली व्हायचा, आता वाटत नाही काही.

प्रतिसाद

तेच तेच वाक्य टाइप करण्यावर वर्डमध्येच उपाय आहे. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. तिथे डावीकडे तीन-चार अक्षरांचा एखादा संकेत, उजवीकडे पूर्ण वाक्य. संकेत असा निवडा जो खरा शब्द नाही, नाहीतर भलत्याच ठिकाणी वाक्य उमटेल. साध्या मजकुराला २५५ अक्षरांची मर्यादा आहे, अख्खा परिच्छेद हवा असेल तर तो सिलेक्ट करून ऑल्ट-एफ३ दाबा, नाव द्या, पुढच्या वेळी ते नाव टाइप करून एफ३. जुन्या आउटलुकमध्येही हे दोन्ही चालतं.

प्रतिसाद

फाइलींना फायनल हा शब्द लावूच नका. नावाची सुरुवात तारखेने, आधी वर्ष मग महिना मग दिवस, आणि महिना एक आकडी असेल तर पुढे शून्य. नावाने लावलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने उभ्या राहतात, उघडून बघायला नको. चालू फाइल एकच, बाकी सगळ्या "जुने" नावाच्या फोल्डरात. बस.

प्रतिसाद

मानेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय, स्वतः भोगलंय. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली, अंतर साधारण हातभर. लॅपटॉपला हे जमत नाही कारण स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, एक नीट केलं की दुसरं बिघडतं, म्हणून घरी लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर उंच ठेवा आणि कीबोर्ड-माउस वेगळे लावा. डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघायचं. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यानेही डोळे कोरडे होतात.

आणि त्या टायमरबद्दल. फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत काढली तेव्हा ते विद्यार्थी होते, टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर वापरायचे म्हणून पोमोदोरो हे नाव, इटालियनमध्ये टोमॅटो. तुम्ही ५० आणि १० करून बघा. आणि घंटा वाजली की उठण्याआधी वहीत एकच ओळ लिहायची, आता पुढे काय करणार होते ते. "शाखा ७, ओळ १२ पासून तपासायचं" एवढंच. परत आल्यावर आठवत बसावं लागत नाही.

प्रतिसाद

सगळ्यांचे उपाय बरोबर आहेत, पण मी दुसऱ्याच वाक्यापाशी अडकलेय. ११ शाखांच्या फाइली तुम्ही दर महिन्याला हाताने एकत्र करता? कॉपी-पेस्ट करून? आणि बेरीज चुकली हे शाखेला तुम्ही कळवेपर्यंत कळतच नाही? मग मला वाटतं त्या वाक्याचा शॉर्टकट करण्यापेक्षा ते वाक्य लिहायची वेळच येऊ नये असं बघूया.

पहिलं, शाखांना पाठवता त्या कोऱ्या फाइलमध्येच तपासणीचा एक सेल टाका, बेरीज जुळली तर "ठीक", नाही तर "जुळत नाही", आणि कंडिशनल फॉरमॅटिंगने तो लाल करा. भरणाऱ्याला पाठवायच्या आधीच दिसेल. एक इफचा फॉर्म्युला लावायचा आहे फक्त.

दुसरं, पॉवर क्वेरी, म्हणजे बऱ्याच फाइलींतला डेटा आपोआप एकत्र करणारी एक्सेलमधलीच सोय. वेगळं इन्स्टॉल करायचं नाही, एक्सेल २०१६ पासून आतच आहे. सगळ्या शाखांच्या फाइली एका फोल्डरात ठेवा, मग डेटा टॅब, गेट डेटा, फ्रॉम फाइल, फ्रॉम फोल्डर, आणि कंबाइन. सगळ्या फाइलींत शीटचं नाव आणि कॉलमची हेडिंगं सारखी हवीत ही एकच अट. पुढच्या महिन्यात जुन्या फाइली काढून नव्या त्याच फोल्डरात टाकायच्या आणि रिफ्रेश ऑल. पहिल्यांदा बसवायला अर्धा दिवस जाईल, माझा पूर्ण गेला होता, पण त्या दिवसाचं मला अजून समाधान आहे. शॉर्टकटने सेकंद वाचतात, यात माझे महिन्याचे दोन दिवस वाचले.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी वेळ काढून लिहील असं वाटलं नव्हतं. तीन आठवडे झाले, काय काय झालं ते सविस्तर सांगते.

चौकोन त्याच दिवशी बंद केले. पहिले दोन दिवस खूप अस्वस्थ वाटलं, वरिष्ठ काय म्हणतील याची भीतीही होती, म्हणून मेलच्या खाली सहीतच लिहून टाकलं की मेल १० वाजता, १ वाजता आणि ४ वाजता बघितल्या जातील, तातडीचं असेल तर फोन करा. तीन आठवड्यांत तातडीचे फोन आले दोन. विंडोज-व्ही आणि अर्धी-अर्धी स्क्रीन आता हातात बसलीये, कंट्रोल-ई ने तर पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं, कारण ते काम मी किती वर्षं एकेक सेल करत आले होते. ५० मिनिटांचा टायमर जमतोय, पण खरा फरक त्या एका ओळीने पडला, "पुढे काय करणार होते". ती ओळ आता दिवस संपतानाही लिहिते. घड्याळाची वीस मिनिटं डोळ्यांसाठी मात्र लक्षातच राहत नाहीत, म्हणून पाणी प्यायची बाटली मुद्दाम लांब ठेवलीये.

ऑटोकरेक्ट केलं होतं बेरजेच्या वाक्यासाठी. पण लाल सेलची फाइल पाठवल्यापासून या महिन्यात ते वाक्य एकदाच लागलं.

आणि पॉवर क्वेरी. एक शनिवार सकाळ देऊन बसले, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा ११ शाखांच्या ओळी एकाखाली एक आल्या तेव्हा मी मुलीला हाक मारून दाखवलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण मला दाखवायचं होतं.

आता एक अडचण आहे, सांगा कुणीतरी. १० शाखांचं बरोबर येतं, एका शाखेने "एकूण लाभार्थी" या हेडिंगऐवजी नुसतं "एकूण" असं करून पाठवलं आणि तिचा तो कॉलम रिकामा आला. एरर वगैरे काही नाही, गुपचूप रिकामा, नशिबाने बेरीज कमी दिसली म्हणून लक्षात आलं. दर वेळी ११ फाइलींची हेडिंगं उघडून तपासायची का? मग परत जुनंच झालं.

प्रतिसाद

नाही नाही, तपासत बसू नका. कोऱ्या फाइलमध्येच कुलूप लावा. शाखेने भरायचे सेल सिलेक्ट करा, फॉरमॅट सेल्समध्ये प्रोटेक्शनला जाऊन लॉक्डची खूण काढा, मग रिव्ह्यू टॅबमधून प्रोटेक्ट शीट, पासवर्ड द्या. भरायच्या जागा मोकळ्या राहतात, हेडिंगं आणि तो लाल सेल कुणाला बदलता येत नाही. शीटचं नाव बदलू नये म्हणून त्याच टॅबमधलं प्रोटेक्ट वर्कबुकही करा. आणि जिथे एकत्र करता त्या फाइलमध्ये एक छोटा तक्ता ठेवा, शाखेचं नाव आणि तिच्या किती ओळी आल्या, किती सेल रिकामे. रिफ्रेश केल्यावर आधी तो बघायचा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! पुढच्या महिन्याची कोरी फाइल परवा जायची आहे, आज दुपारीच कुलूप लावते आणि तो ओळी मोजायचा तक्ताही करते. अडले तर इथेच विचारेन.