एमओपीच्या (कंपनीने दुकानदाराला ठरवून दिलेल्या विक्रीभावाच्या) खाली विकलं म्हणून कंपनीने माल बंद केलाय, कायद्यात काही तोड आहे का?

नमस्कार. सोलापुरात नवी पेठेत आमचं घरगुती उपकरणांचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, गिझर आणि उन्हाळ्यात कूलर. वडिलांनी सुरू केलेलं, आता मी बघतो. एका कंपनीने (नाव देत नाही) मार्चपासून आमचं बिलिंग थांबवलंय. आमच्या गावात पारा चाळिशीपार गेला की कूलरला मागणी येते, वर्षाची निम्मी कमाई त्या दोन-अडीच महिन्यांत. नेमका तेव्हाच माल नाही.

झालं असं, की फेब्रुवारीत एक विडी कामगार मावशी मुलीच्या लग्नात द्यायला मिक्सर घ्यायला आल्या. आमचं जुनं गिऱ्हाईक. खोक्यावर एमआरपी ५,४९५, कंपनीने ठरवून दिलेली एमओपी ३,९९०. आम्हाला तो ३,४०० ला पडलेला. मी ३,७०० ला दिला. दोन दिवसांनी एक जोडपं आलं, तोच मिक्सर बघितला, "भाव जरा लिहून द्या, घरी विचारून येतो" म्हणाले. मी व्हिजिटिंग कार्डाच्या मागे ३,७०० लिहून दिलं. अर्ध्या तासात एरिया मॅनेजरचा फोन, आणि व्हॉट्सॲपवर त्याच कार्डाचा फोटो. माझंच अक्षर. नंतर तिमाही स्कीमची क्रेडिट नोट (स्कीमची सूट आमच्या खात्यात जमा करणारी) कापली आणि पुढची ऑर्डर अडकली ती अडकलीच.

मला हे मनापासून पटत नाही. माल आम्ही आगाऊ पैसे भरून घेतो, बिल आमच्या जीएसटी नंबरवर, न खपलेला माल परत जात नाही. आम्ही कंपनीचे एजंट नाही, खरेदीदार आहोत. मग आमच्या मार्जिनमधले २९० रुपये सोडायचे की नाही, हे आम्हीच ठरवणार ना?

थोडं वाचन केलंय. एमआरपी ही कमाल किंमत, तिच्या वर विकलं तर वैधमापनाच्या नियमांत गुन्हा. खाली विकायला तिथे अडकाठी नाही. स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३(४)(ई) मध्ये पुनर्विक्री किमतीचं बंधन येतं: विकणाऱ्याने ठरवलेल्याच भावाने पुढे विका अशी अट, आणि त्यापेक्षा कमी भावात विकता येईल असं स्पष्ट म्हटलेलं नसणं. आमच्या डीलर ग्रुपवर आलेल्या प्राइस लिस्टवर "एमओपी पाळणे बंधनकारक" एवढंच आहे. लेखी करार नाही, पण त्या कायद्यात 'करार' म्हणजे तोंडी समजूतही चालते.

माझी अडचण पुढे आहे. अशी अट घातली म्हणजे आपोआप बेकायदा ठरत नाही, त्यामुळे बाजारातल्या स्पर्धेला जाणवण्याइतकी बाधा येते हे दिसावं लागतं. २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला डीलरच्या डिस्काउंटवर बंधन घातल्याबद्दल २०० कोटींचा दंड ठोठावला. तिथेही खोटे ग्राहक पाठवून भाव तपासले जात होते, हे वाचताना ते कार्डच डोळ्यासमोर आलं. प्रकरणाची सुरुवात एका निनावी ईमेलवरून झाली होती. उलट ह्युंदाईला २०१७ मध्ये झालेला ८७ कोटींचा दंड पुढच्याच वर्षी अपिलात रद्द झाला, कारण आयोगाने पुराव्याची स्वतः छाननी केली नव्हती. म्हणजे सगळं पुराव्यावर आहे. माझ्याकडे फोटो, व्हॉट्सॲप मेसेज, कापलेली क्रेडिट नोट आणि त्याआधीच्या दोन तिमाहींच्या पूर्ण नोटा आहेत. फोनवरचं बोलणं रेकॉर्ड केलेलं नाही.

कुणी डीलर किंवा वकील असाल तर सांगा. कारमधल्या एवढ्या मोठ्या कंपनीचं ठीक, पण मिक्सर-कूलरमध्ये दहा ब्रँड आहेत; स्पर्धेला बाधा आली हे अशा बाजारात कसं मांडतात? आधी वकिलाची नोटीस पाठवावी, की तिने उरलेली क्रेडिट नोटसुद्धा बुडेल? अजून दोन दुकानदारांना असाच फोन आलाय, एक इथला आणि एक पंढरपूरचा. तिघांनी मिळून आयोगाकडे माहिती (म्हणजे तक्रारच) दाखल केली तर वजन वाढतं का? २०२३ च्या दुरुस्तीने ती दाखल करायला तीन वर्षांची मुदत घातली आहे, तेव्हा घाई नाही. पण वडील म्हणतात, एमओपी मान्य करून टाक, सीझन हातचा जाईल. त्यांना काय सांगू तेही लिहा.