मदत हवी आहे: मिलसब जोडलं, पण वेळ मागे पडतेय (तातडीचं)

निळी_तबकडी
मिलसब, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या जुन्या रोलेक्स सबमरीनरसारखं घड्याळ, सुट्या भागांतून जोडून झालं. सुरुवातीला मस्त चाललं, आता वेळ मागे पडते. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. दुपारी बरोबर असतं, संध्याकाळी बघावं तर मागे. मशीन (आतली यंत्रणा) कोरं आहे, त्यामुळे ते खराब असेल असं वाटत नाही. शनिवारी तारकर्लीला स्कूबासाठी निघतोय आणि हेच घड्याळ हातात हवं आहे. काय करू? कृपया लवकर सांगा.

ठाणेकर_काका
कुठलं मशीन? काटे कुठून घेतले? केस (बाहेरचं कवच) कुठली? फोटो टाका. यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगणार काय?

पाणबुड्या७७
चुंबकत्व आलं असणार. माझं एक घड्याळ स्पीकरजवळ राहिलं आणि असंच बिघडलं होतं. चुंबकत्व काढणारा डीमॅग्नेटायझर स्वस्तात मिळतो, एकदा फिरवून घ्या.

ठाणेकर_काका
चुंबकत्व आलं की बॅलन्सच्या (लय ठरवणाऱ्या चाकाच्या) स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ बहुतेक वेळा पुढे पळतं. इथे मागे पडतंय, तेही एकदम अर्धा तास. लक्षण जुळत नाही.

निळी_तबकडी
मशीन एनएच३५. केस आणि तबकडी बाहेरून मागवली. फोटो रात्री टाकतो, ऑफिसात आहे.

स्वच्छ_काच
मिलसब म्हणजे ॲक्रिलिकची घुमटदार काच असणार. तिच्यावर ओरखडे पडले तर मऊ कापडावर थोडं ब्रासो घेऊन गोल गोल घासा, नव्यासारखी होते. सफायरच्या काचेवर मात्र याचा उपयोग नाही.

फ्रँकफर्टचा_पुणेकर
एनएच३५ घेतलंत तिथेच गाडं अडलं. सेकोच्या कागदावरच दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद लिहिलेलं आहे. मियोटा ९०१५ घ्या. तासाला २८,८०० ठोके, मशीन पातळ, काटा कसा लोण्यासारखा सरकतो. मी आता दुसरं काही वापरत नाही.

ठाणेकर_काका
उणे २० सेकंद आणि अर्धा तास यांचा काय संबंध? तासाला २१,६०० ठोक्यांचं साधं, दणकट मशीन आहे ते. ४१ तास चालतं, चावी देता येते, क्राऊन (बाजूची चावीची कळ) ओढला की सेकंदकाटा थांबतो. शिकणाऱ्याने यावरच हात बसवावा. निळी_तबकडी, एक नीट बघून सांगा: वेळ मागे पडते तेव्हा सेकंदकाटा चालू असतो का? आणि तासकाटा आणि मिनिटकाटा एकमेकांशी जुळतात का? म्हणजे तासकाटा बरोबर तीनवर असताना मिनिटकाटा बारावर येतो का?

कायदा_बघा
तबकडीवर रोलेक्सचं नाव छापलेलं आहे का? असेल तर ट्रेड मार्क्स ॲक्ट १९९९ वाचा. अशा घड्याळांना मदत करावी का, हा मला प्रश्न आहे.

निळी_तबकडी
नाव नाही. तबकडी कोरी, फक्त खाली गोलातला टी. तलवारीसारखे काटे, साठही मिनिटांच्या खुणा असलेला बेझल (काचेभोवतीची कडी). ब्रिटिश नौदलाला सत्तरच्या दशकात रोलेक्सची ५५१३ आणि ५५१७ मॉडेल्स मिळाली तशी. खरं मिलसब लिलावात कसल्या किमतीला जातं ते बघा. मला ते रूप मनापासून आवडतं, ते स्वतःच्या हाताने घडवायचं होतं, एवढंच. सेकंदकाटा चालूच असतो, कधी थांबलेला पाहिला नाही. बाकीचं आज बघतो.

कायदा_बघा
नाव नसेल तर हरकत नाही. पण गोलातला टी म्हणजे ट्रिटियम, अंधारात चमकण्यासाठी वापरायचे तो किरणोत्सारी पदार्थ. तुमच्या तबकडीत ते नसणार. मग ती खूणही खोटीच.

मुंबई_स्पेशल
ती त्या तबकडीची ओळख आहे, ती काढली तर मिलसब राहत नाही. आणि खऱ्या ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे त्या काळच्या अस्सल तबकड्याही आता अंधारात चमकत नाहीत. किरणोत्सार नसलेलं चमकणारं ल्युमिनोव्हा आलं १९९३ मध्ये, आता बहुतेक तेच वापरतात. आपल्याकडे जुन्या एचएमटीवर नव्या रंगांच्या तबकड्या छापून विकतात, त्याला मात्र मी खोटं म्हणेन, कारण घेणाऱ्याला जुनी तबकडी म्हणून देतात. १७ ज्वेलची जनता अस्सल तबकडीसकट मिळणं आता मुश्किल झालंय. चोर बाजारात जाणाऱ्यांनी याची खात्री करूनच घ्यावं.

ठाणेकर_काका
जनतासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे येतो. इथे माणूस अडकलाय.

निळी_तबकडी
पाहिलं. तासकाटा चारच्या अगदी जवळ आणि मिनिटकाटा पंचवीसवर. अजिबात जुळत नाहीत.

जुना_चिमटा
कॅनन पिनियन (मिनिटकाटा ज्यावर बसतो ती नळी) सैल झालं आहे. मशीन उघडून तेच घट्ट करावं लागेल.

ठाणेकर_काका
नाही. कॅनन पिनियन घसरलं तर तास आणि मिनिट दोन्ही काटे सोबत मागे राहतात, एकमेकांशी जुळलेलेच असतात. इथे तासकाटा बरोबर चाललाय आणि एकटा मिनिटकाटा मागे राहतोय. काटाच पिनियनवर सैल बसला आहे. आता खरं सांगा, काट्यांचा संच कुठल्या मशीनचा होता? आणि तिन्ही काटे त्याच संचातले आहेत का?

निळी_तबकडी
विक्रेत्याने ‘डाइव्ह घड्याळासाठी’ एवढंच लिहिलं होतं. संचातला सेकंदकाटा दाबूनही बसत नव्हता, म्हणून मशीनसोबत आलेल्या दुसऱ्या संचातला लावला. त्याचा यात काय संबंध?

ठाणेकर_काका
सगळा संबंध तिथेच आहे. तो संच मियोटा ८२१५ चा असणार. त्याची भोकं तास १.५०, मिनिट १.००, सेकंद ०.१७ मिमी. एनएच३५ ला लागतात १.५०, ०.९० आणि ०.२०. तासकाटा दोन्हीकडे सारखा, म्हणून छान बसला. सेकंदाचं भोक बारीक, म्हणून बसेना. मिनिटाचं दशांश मिलिमीटरने मोठं, म्हणून बसलेला दिसतो आणि हात हलला की घसरतो. खात्री करायची तर सेकंदकाटा काढा आणि मिनिटकाट्याला टूथपिकने अगदी हलकेच ढकला. तासकाटा न हलता तो सरकला तर हेच कारण.

जुना_चिमटा
माझे वडील दादरला घड्याळजी होते. काट्याची नळी चिमट्याने हलकेच आवळली की बसतो. नवीन काटे कशाला? दोन मिनिटांचं काम आहे.

फ्रँकफर्टचा_पुणेकर
जनतावर चालेल. इथे नळी लंबगोल होते, काटा एका बाजूला झुकतो आणि तासकाट्याला घासतो. मग घड्याळ खरंच थांबेल.

जुना_चिमटा
तसं आवळायचं नसतं. पंचमध्ये (घड्याळजीच्या ठोकायच्या हत्यारात) धरून चारी बाजूंनी सारखं आवळतात. वडिलांच्या हातचं एक घड्याळ परत आलेलं मी पाहिलं नाही.

पाणबुड्या७७
फेव्हिक्विकचा एक थेंब?

ठाणेकर_काका
अजिबात नको! वाफेने तबकडीवर आणि काचेच्या आत पांढरा थर बसतो. पंच असलेला जाणता घड्याळजी जवळ असेल तर चिमटा म्हणतात ते करता येईल. नसेल तर ०.९० चा काटा मागवा.

निळी_तबकडी
टूथपिकने सरकला. तासकाटा जागचा हलला नाही. म्हणजे तेच. नवीन काटे शनिवारपर्यंत येत नाहीत. सेकंदकाटा ज्या संचातला आहे त्यातलेच तास आणि मिनिट लावतो, मर्सिडीजच्या चिन्हासारख्या आकाराचे आहेत, पण तलवारी येईपर्यंत चालतील. मग स्कूबाला नेऊ ना?

ठाणेकर_काका
प्रेशर टेस्ट केली का? केसवर २०० मीटर कोरलेलं आहे म्हणून पाणी थांबत नाही. दर दहा मीटरला साधारण एक बार दाब वाढतो. आयएसओ ६४२५ या डाइव्ह घड्याळांच्या मानकाप्रमाणे तर प्रत्येक डाइव्ह घड्याळ लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबावर तपासतात. मागच्या झाकणाच्या गॅस्केटला (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीला) सिलिकॉन ग्रीस लावलं का? क्राऊनची नळी केसमध्ये कशी बसवली आहे? हवेच्या दाबावर कोरडी टेस्ट करून देणारा दुकानदार शोधा. सापडला नाही तर घड्याळ होडीवर ठेवा.

निळी_तबकडी
ग्रीस लावलेलं नाही. उद्या टेस्ट करून घेतो. खूप आभार काका, काटे बदलले की इथेच लिहीन.

मुंबई_स्पेशल
अवांतर: बिनतारखेच्या तबकडीखाली एनएच३५ बसवलं की क्राऊन ओढताना तारखेची रिकामी क्लिक लागते. मला ती फार खुपते. एनएच३८ ला तारीखच नाही. ते कुणाकडे सुटं मिळेल का? क्राऊन तीनवर असलेल्या केससाठी हवं आहे.