ग्रँट आणि व्हिक्सबर्ग

अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेचा सेनापती युलिसिस ग्रँट केवळ मनुष्यबळाच्या जोरावर जिंकला, हे मत 1864 च्या व्हर्जिनियातील मोहिमेपुरते काही अंशी पटते. त्या मोहिमेतील कोल्ड हार्बरच्या लढाईतल्या शेवटच्या हल्ल्याचा पश्चात्ताप त्याने स्वतःच आत्मचरित्रात नोंदवला आहे. मात्र या निष्कर्षात 1863 ची व्हिक्सबर्ग मोहीम पूर्णपणे निसटते. मिसिसिपी नदीकाठच्या, दक्षिणेकडील बंडखोर राज्यांच्या ताब्यातील या तटबंद शहरावर उत्तरेकडून केलेले प्रयत्न फसल्यावर त्याने तटावरील तोफांच्या माऱ्यातून रात्री जहाजे खाली काढली, शहराच्या दक्षिणेस मिसिसिपी ओलांडली आणि रसद बऱ्याच अंशी मुलखातूनच मिळवत, बंडखोरांचे सेनापती जॉन्स्टन व पेंबर्टन यांच्या फौजा एकत्र येण्याआधीच त्यांना वेगवेगळे गाठून हरवले. सुमारे तीन आठवड्यांत पाच लढाया, नंतर 47 दिवसांचा वेढा आणि 4 जुलैला जवळपास 29,000 सैनिकांची शरणागती! हे काम निव्वळ संख्याबळाचे नव्हे.

हाच माणूस 1854 मध्ये लष्कर सोडून सेंट लुईसजवळ शेती करताना सरपण विकत होता आणि 1860 मध्ये गलीना येथे वडिलांच्या चामड्याच्या दुकानात कामाला लागला होता, हेही लक्षात घ्यावे. ॲपोमॅटॉक्सला शरण आलेल्या बंडखोर सेनापती लीच्या सैनिकांना नांगरणीसाठी स्वतःचे घोडे घरी नेऊ देण्यामागे शेतीचा तो अनुभव असावा, असे मला वाटते.

त्याच्या नंतरच्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाविषयी मात्र माझे मत इतके अनुकूल नाही.