डार्क साइड ऑफ द मून कुणाचा? एकट्या वॉटर्सचा की चौघांचा?

निळी_शाई

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा जुना बेसवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्स याने ऑक्टोबर २०२३मध्ये बँडचा १९७३चा अल्बम 'द डार्क साइड ऑफ द मून' नव्याने रेकॉर्ड करून काढला, 'रीडक्स' नावाने. पिंक फ्लॉइडमधलं दुसरं कुणीही त्यात नाही. तीच गाणी, तोच क्रम, पण गिटारचे सोलो काढून टाकलेत आणि मूळ अल्बममध्ये जिथे नुसती वाद्यं आहेत तिथे वॉटर्स बोलतो. त्याच वर्षी एका मुलाखतीत तो म्हणाला होता की डार्क साइड मी लिहिला, ते 'आम्ही, आम्ही' आता पुरे. परवा दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकले आणि हे लिहायला बसले, कारण मला त्याचं म्हणणं अजिबात पटत नाही.

शब्द वॉटर्सचे आहेत, त्याबद्दल वादच नाही. पण १९७३चा अल्बम नुसत्या शब्दांवर उभा आहे का? 'एनी कलर यू लाइक'च्या श्रेयात गिल्मोर (गिटार), राइट (कीबोर्ड) आणि मेसन (ड्रम) अशी तीनच नावं आहेत, वॉटर्सचं नाही. 'टाइम'वर चौघांची आहेत. 'अस अँड देम'ची चाल रिक राइटने इटालियन दिग्दर्शक अँटोनिओनीच्या 'झाब्रिस्की पॉइंट' या चित्रपटासाठी पियानोवर बांधली होती. ती चित्रपटात घेतलीच नाही. काही वर्षं पडून राहिली आणि मग तिला शब्द मिळाले. म्हणजे चाल आधी, शब्द मागून.

आणि 'द ग्रेट गिग इन द स्काय'! जानेवारी १९७३, रविवारची संध्याकाळ, लंडनचा ॲबी रोड स्टुडिओ. साउंड इंजिनिअर ॲलन पार्सन्सने क्लेअर टोरी नावाच्या पंचविशीतल्या गायिकेला बोलावून घेतलं. राइटचा पियानो तिला ऐकवला आणि सांगितलं की शब्द नाहीत, गाणं मरणाबद्दल आहे. तिने आधी नेहमीच्या सवयीने 'बेबी, बेबी' करून पाहिलं, ते नको म्हणाले. मग तिने आपण एक वाद्य आहोत असं धरलं आणि गायली. दोन-तीन टेकमध्ये काम संपलं. रविवारचे दुप्पट दराने ३० पौंड मिळाले. आपला आवाज अल्बममध्ये ठेवलाय हे तिला रेकॉर्डच्या दुकानात कव्हरवर स्वतःचं नाव बघून कळलं. २००४ साली ती कोर्टात गेली, २००५मध्ये तडजोड झाली, आणि तेव्हापासून त्या गाण्यावर राइटच्या जोडीने तिचंही नाव येतं.

रीडक्समध्ये त्या जागी वॉटर्स डोनल्ड हॉल या अमेरिकन कवीच्या शेवटच्या आजारपणातली पत्रं वाचतो. पत्रं चांगली आहेत. पण मूळ गाण्यात तिचा आवाज वर चढून फाटतो आणि मग हळूहळू खाली येत निजतो, ते कुठल्या कागदावर लिहिलेलं होतं? ते वॉटर्सचं कसं म्हणायचं?

उत्तररात्र

असहमत, आणि जरा मुद्द्यानेच सांगतो.

१९७३च्या आधीचं पिंक फ्लॉइड आठवा. सुरुवातीला बँडची गाणी लिहिणारा सिड बॅरेट १९६८मध्ये बाहेर पडला होता. त्यानंतर तीन-चार वर्षं हे लोक वाट शोधत होते. 'ॲटम हार्ट मदर' हा अल्बम घ्या, 'मेडल' घ्या. 'मेडल'मधलं 'एकोज' मला जिवापाड आवडतं, तेवीस मिनिटं कधी संपतात कळत नाही. पण ते कशाबद्दल आहे? सूर होते, वातावरण होतं, सांगायचं मात्र काही ठरलेलं नव्हतं. मेसनच्या घरी स्वयंपाकघरात बैठक बसली तेव्हा माणसाला वेड लावणाऱ्या गोष्टींवर अख्खा अल्बम करू या, ही कल्पना वॉटर्सने मांडली. वेळ, पैसा, मरण, युद्ध, डोक्यावरचा ताबा सुटणं. त्या कल्पनेशिवाय आज आपण जे डोळे मिटून ऐकतो ते सुटे छान तुकडे असते.

त्याने प्रश्न लिहून कार्डं केली आणि स्टुडिओत जो सापडेल त्याच्यासमोर धरली. शेवटचं कधी कुणावर हात उचललात? तुमचं बरोबर होतं का? मरणाची भीती वाटते का? पॉल मॅकार्टनीनेही उत्तरं दिली होती, पण ती फार गमतीदार करायच्या नादात गेली म्हणून वापरली नाहीत. सगळ्या अल्बमभर मागे जी कुजबुज ऐकू येते ती या कार्डांतून आलीय.

आणि 'अस अँड देम'ची चाल राइटची, हे मान्य. पण वॉटर्सचे वडील १९४४ साली इटलीत अँझिओला लढाईत मारले गेले तेव्हा तो पाच महिन्यांचा होता. हुकूम देणारे मागे आणि मरणारे पुढे, हे त्या चालीवर त्याच्याशिवाय कोण लिहिणार होतं? चाल चित्रपटासाठी केली तेव्हा ती कुणी घेतली नाही. शब्द आले आणि ती अजरामर झाली. हा योगायोग नाही.

फ्रेटबोर्ड

शाईताई, +१.

उत्तररात्र, चाल चित्रपटात गेली नाही म्हणजे ती अपुरी होती असं होत नाही. दिग्दर्शकाला ती तिथे नको होती, बस.

काळी_चार

मी तबल्याकडून येतो, रॉककडे उशिरा वळलो, तेव्हा माझं बघणं वेगळं असेल. 'मनी'वर बोलतो.

हे गाणं पूर्ण वॉटर्सचं, शब्द आणि चाल दोन्ही. त्याने घरी अकूस्टिक गिटारवर बांधलं. त्याची बायको मातीची भांडी करायची, तिच्या माती मळायच्या मोठ्या भांड्यात नाणी टाकून आवाज घेतले. मग नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचा खणखणाट असे टेपचे तुकडे फुटपट्टीने मोजून, कापून, जोडून सात ठोक्यांचं चक्र केलं. आपल्याकडे सात मात्रा म्हटलं की रूपक. मी हौसेने रूपकाचा ठेका धरून बघितला आणि पहिल्याच आवर्तनात पंचाईत झाली. रूपकाची समच 'खाली'च्या जागी येते, म्हणजे पहिली मात्रा हलकी. आणि 'मनी'च्या बेसची पहिली मात्रा सगळ्यात जड. ठेका सोडला, नुसत्या टाळ्या मोजल्या, तेव्हा बसलं. हे वॉटर्सचं बोट आहे आणि ते विलक्षण आहे, पूर्ण श्रेय त्याला.

पण पुढे ऐका. डिक पॅरीचा सॅक्सोफोन सातातच वाजतो, थोडा अडखळल्यासारखा, मुद्दाम. तो संपतो आणि गिल्मोरचा सोलो सुरू होतो तेव्हा गाणं सरळ चारात पडतं. केरव्यासारखं. आत्तापर्यंत लंगडत चाललेला माणूस एकदम पळत सुटावा तसं. मधे सगळा आवाज कोरडा करून टाकलाय, प्रतिध्वनी काढून घेतलाय, गिटार कानाच्या पाळीशी आल्यासारखी. मग परत भरते, आणि शेवटच्या कडव्याला पुन्हा सात. हा जो मोकळा श्वास आहे तो वॉटर्सच्या घरच्या टेपवर नव्हता. तो चौघं एका खोलीत वाजवायला बसल्यावर आला.

बंदिश दोन ओळींची असते. ती रचणाऱ्याचं नाव आपण आदराने घेतोच. पण अर्धा तास जे गायलं जातं ते कुणाचं?

उत्तररात्र

काळी_चार, तुमची पोस्ट दोनदा वाचली, त्या कोरड्या जागेकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. पण बंदिशीचं उदाहरण इथे लागू पडत नाही. बंदिश शंभर गायक शंभर तऱ्हांनी गातात आणि ते आपल्याला हवंच असतं. मग पन्नास वर्षांनी खुद्द रचणाऱ्याने वेगळी गायली तर आपण त्याच्यावर का चिडतो? तुमच्याच न्यायाने रीडक्सला जागा द्यायला हवी.

गिरगावकर_७२

या वादात माझा एक प्रत्यक्ष अनुभव आहे म्हणून लिहितो. फेब्रुवारी २००७मध्ये वॉटर्स मुंबईत आला होता. बीकेसीला एमएमआरडीए मैदानावर त्याने डार्क साइड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. मी आणि माझा धाकटा भाऊ गेलो होतो. आम्ही दोघं ज्या कॅसेटवर वाढलो तिची पहिली बाजू 'ग्रेट गिग'वर संपायची. ती काढायची, उलटून घालायची आणि 'मनी'ची नाणी सुरू व्हायची. मधली ती खटखट आमच्यासाठी अल्बमचाच भाग होती. मैदानात 'ग्रेट गिग' संपलं आणि लगेच गल्ला वाजला, तेव्हा भावाचा हात आपोआप पुढे आला, कॅसेट उलटायला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

स्टेजवर गिल्मोर नव्हता, राइट नव्हता, मेसन नव्हता. 'ग्रेट गिग' कॅरल केन्यन गायली. चौघांपैकी एकटा वॉटर्स होता. आणि तरी काहीही कमी वाटलं नाही. अल्बम चौघांचाच असता तर तीन जण नसताना तो असा उभा राहिला असता का?

फ्रेटबोर्ड

मीही होतो त्या मैदानात, डावीकडे, स्पीकरच्या जरा जवळच. दोन दिवस कान गुणगुणत होते.

पण साहेब, त्या रात्री वाजलं काय ते आठवा. 'टाइम'चा सोलो गिल्मोरच्या जागी दुसऱ्या गिटारिस्टने वाजवला. कसा वाजवला? गिल्मोरचाच. तीच सुरुवात, तसाच ताणून धरलेला सूर, तीच उतरण. मी तो सोलो बसवायला कॉलेजची दोन वर्षं घातलीत, एकेक जागा बोटांत आहे, म्हणून खात्रीने सांगतो. एकाने जरी स्वतःचं काही वेगळं वाजवलं असतं तरी मैदानातल्या प्रत्येकाला खटकलं असतं. कॅरल केन्यनही क्लेअर टोरीच्याच वाटेने चढली. गैरहजर माणसांचं वाजवणं इतकं पक्कं ठरलेलं होतं की भाड्याने आणलेल्या वादकांना ते हुबेहूब काढावं लागलं. माझ्या मते तुमचा अनुभव आमच्या बाजूचा आहे.

रीडक्समध्ये वॉटर्सने नेमकं हेच काढून टाकलं. त्याने काय काढलं ते बघा, म्हणजे त्याचं काय नव्हतं ते कळेल.

गिरगावकर_७२

हे मी या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. त्या सोलोच्या वेळी आजूबाजूचे सगळे तोंडाने गिटार गात होते, हे तुम्ही लिहिल्यावर आठवलं. शब्द नाहीत आणि तरी सगळ्यांना पाठ.

पावसाळी_पायवाट

मी रीडक्सच्या बाजूने लिहिणार आहे. मूळ अल्बम माझ्या मोठ्या बहिणीचा, माझा नव्हे. मला तो नेहमी फार देखणा वाटला, आणि त्या देखणेपणामुळे लांबचा.

मागच्या वर्षी बाबा तीन आठवडे आयसीयूत होते. बाहेरच्या बाकावर रात्री बसायची पाळी माझी असायची. एका रात्री रीडक्सचं 'टाइम' लावलं. मूळ गाण्यात सुरुवातीला घड्याळांचा तो प्रचंड गजर होतो, पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन टिपलेला. इथे तसं दणकन काही येत नाही. ऐंशी वर्षांचा माणूस जवळजवळ बोलतो. वर्षं हातातून निसटून गेली, कुणी सांगितलंच नाही कधी पळायला लागायचं ते, या अर्थाचे शब्द त्याने तिशीच्या आत लिहिले होते. तेव्हा तो अंदाज होता. आता त्याला ते ठाऊक आहे. त्या बाकावर मला गिटार नको होती, कुणीतरी हळू आवाजात खरं बोलायला हवं होतं.

अल्बम कुणाचा ते मला सांगता येणार नाही. पण ते शब्द त्याचे आहेत आणि म्हातारपणी ते परत उच्चारायचा हक्कही त्याचा आहे.

काळी_चार

पायवाट, बाबा आता कसे आहेत?

पावसाळी_पायवाट

घरी आलेत. गच्चीवर एक फेरी मारतात, हात धरून. विचारलंत, बरं वाटलं.

उत्तररात्र

पायवाट यांनी लिहिलं ते मला इतकं नीट मांडता आलं नसतं.

एकच जोड देतो. वॉटर्स १९८५मध्ये बाहेर पडला, त्यानंतर बाकीच्यांनी पिंक फ्लॉइड नावाने अल्बम काढले. १९८७चा 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' ऐका. नाद तोच, गिटार तीच, भव्यता तीच. पण डार्क साइडमधला एकेक विषय सांगा म्हटलं तर कुणीही सांगेल, या अल्बमचे विषय किती जणांना सांगता येतील? नाद चौघांचा, कबूल. तो नाद कशासाठी वाजतोय हे एकालाच ठाऊक होतं.

फ्रेटबोर्ड

आणि वॉटर्सच्या १९८४च्या 'द प्रोज अँड कॉन्स ऑफ हिचहायकिंग'वर खुद्द एरिक क्लॅप्टन गिटारला होता. कल्पना वॉटर्सची, गिटार जगातल्या सर्वोत्तमांपैकी एकाची. तो अल्बम आज कितीजण सलग ऐकतात? वाद दोन्ही बाजूंनी चालतो.

निळी_शाई

सगळ्यांचं वाचलं. पायवाट, तुमच्यामुळे रीडक्सचं 'टाइम' काल परत लावलं, या वेळी मूळच्या शेजारी ठेवून नाही, एकटंच. तो माणूस ते बोलला यात मला आता काही गैर वाटत नाही. माझं भांडण 'मी एकट्याने' एवढ्याच शब्दांशी उरलंय, आणि ते सुटणार नाही. त्याचं कारण रिक राइट. 'ब्रीद'मधला एक कॉर्ड त्याने माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या जॅझ अल्बमवरून घेतला होता, हे त्यानेच सांगून ठेवलंय. सगळं गाणं त्या कॉर्डपाशी क्षणभर झुकतं आणि सावरतं. 'द वॉल' या नंतरच्या अल्बमच्या वेळी याच राइटला वॉटर्सने बँडमधून काढायला लावलं आणि दौऱ्यावर तो पगारी वादक म्हणून वाजवत होता. २००८मध्ये तो गेला. 'मी लिहिला' या वाक्याला उत्तर द्यायला तो नाही, म्हणून कुणीतरी द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आणि मी सुरुवातीला लिहिलं होतं की शब्द वॉटर्सचे, त्याबद्दल वादच नाही. ते मागे घेते. उत्तररात्र, तुमच्या कार्डांमुळेच लक्षात आलं. 'एक्लिप्स' संपल्यावर हृदयाचे ठोके उरतात आणि त्यावर एक पुरुषी आवाज, आयरिश हेल काढत, सांगतो की चंद्राला काळी बाजू अशी नसतेच, खरं तर सगळाच काळोख आहे. अल्बममधलं शेवटचं वाक्य. ते जेरी ओड्रिस्कोल बोलला, ॲबी रोडचा दरवान.

उत्तररात्र

कार्ड वॉटर्सने लिहिलं होतं, एवढं नोंदवतो. वाक्य मात्र दरवानाचंच. आज रात्री हेडफोन लावून तेवढी शेवटची दोन मिनिटं ऐकणार आहे.